‘बेन-हर’ : पुस्तकातला आणि पडद्यावरचा

लोकप्रिय धार्मिक कादंबरीचा चित्रपट निघाला की टीकाकाराची एक तक्रार ठरलेली असते : पुष्कळ गाळले. मला ही तक्रार महत्त्वाची वाटत नाही. आठ खंडांची कादंबरी साडेतीन तासांत बसवायची म्हणजे गाळणे आलेच. विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. गाळताना आणि बदलताना कथेतल्या पापाचे काय केले? धर्मकथेत क्षमेला जे मोल येते, ते क्षमा मागण्याजोगे काही घडलेले असते म्हणून. ‘बेन-हर’ या कादंबरीची आणि तिच्यावरून १९५९ साली विल्यम वायलरने काढलेल्या चित्रपटाची तुलना मी याच एका कसोटीवर करणार आहे.

कादंबरीचा कर्ता ल्यू वॉलेस हा पेशाने वकील आणि अमेरिकेच्या यादवी युद्धातला सेनापती. १८६२ च्या शायलोच्या लढाईत सैन्य उशिरा आणल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि तो डाग त्याला जन्मभर सलत राहिला. पुढे १८७६ मध्ये आगगाडीत त्याची गाठ रॉबर्ट इंगरसोल या विख्यात अज्ञेयवादी वक्त्याशी पडली. त्या संभाषणातून वॉलेसला कळून चुकले की, आपल्या धर्माविषयी आपल्याला धड काहीच ठाऊक नाही. त्यातून अभ्यास सुरू झाला आणि १८८० मध्ये ‘बेन-हर’ प्रसिद्ध झाली. विनाकारण कलंक लागलेला माणूस आणि श्रद्धा चाचपडत शोधणारा माणूस असे दोघेही या पुस्तकात आहेत.

कथा पुष्कळांच्या परिचयाची आहे. जेरुसलेमच्या श्रीमंत यहुदी घराण्यातला जूडा बेन-हर याचा बालमित्र मेसाला रोमन होऊन परत येतो. रोमन अधिकाऱ्याची स्वारी चाललेली असताना गच्चीवरून कौल पडते. जूडाची रवानगी गलबतावर वल्ही मारायला होते, आई आणि बहीण तुरुंगात खितपत पडतात व तेथे त्यांना कुष्ठरोग जडतो. जूडा सुटतो, रथांच्या शर्यतीत मेसालाचा सूड घेतो आणि शेवटी ख्रिस्ताच्या क्रूसापाशी पोचतो.

आता कौलाकडेच पाहा. कादंबरीत ते खुद्द जूडाच्या हाताने निसटते. चित्रपटात ते त्याच्या बहिणीच्या भाराने पडते. फरक क्षुल्लक वाटेल. परंतु शर्यतीत हीच गोष्ट पुन्हा घडते, आणि तेथे ती क्षुल्लक राहत नाही. वॉलेसचा जूडा लगाम किंचित डावीकडे खेचतो, रथाच्या आसाचे लोखंडी टोक मेसालाच्या चाकात घालतो आणि ते चाक मोडून टाकतो. ही करामत प्रेक्षकांपैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही, हे लेखक आवर्जून नमूद करतो. मेसाला मरत नाही. जन्माचा पांगळा आणि कफल्लक होतो. वायलरच्या चित्रपटात मात्र चाके कापणारी दातेरी पाती मेसालाच्याच रथाला आहेत. तोच जूडावर चाल करून जातो आणि आपल्याच कपटाला बळी पडतो. जूडाचे हात स्वच्छ राहतात.

रथाच्या चाकाशी खेळलेला अधर्म आम्हां मराठी वाचकांना अपरिचित नाही. कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले असताना अर्जुनाने बाण सोडला, हे महाभारत लपवीत नाही. भीमाची गदा दुर्योधनाच्या मांडीवर पडली, तीही नियमाविरुद्धच. व्यासांना पांडव प्रिय होते, पण म्हणून त्यांनी ते चाक कर्णाच्या कपटाने रुतल्याचे लिहिले नाही. त्या डागामुळेच विजयानंतरचा युधिष्ठिराचा विषाद खरा वाटतो. वॉलेस काही व्यास नव्हे. त्याने नायकाच्या हातून कृत्य करविले, पण त्याचा जाब नायकाला नंतर कुठेच विचारला नाही. दार उघडले आणि तो उंबऱ्यातच थांबला. तरीही दार उघडण्याचे श्रेय त्याचे आहे. चित्रपटाने ते दार भिंतीसारखे चिणून टाकले.

तिसरा बदल याहून मोठा आहे. कादंबरीतला बेन-हर येशूला ऐहिक राजा समजतो. तो गॅलिलीत गुप्तपणे पलटणी उभारतो, आपली अमाप संपत्ती त्यापायी ओततो, आणि अटकेच्या रात्री येशूलाच विचारतो की, मी सुटका घेऊन आलो तर ती स्वीकाराल का? उत्तर येत नाही. माझ्या मते त्या मौनात कादंबरीचा सारा अर्थ आहे. ज्या राज्यासाठी तलवार उपसायची ते राज्यच नव्हते, हे एका शूर माणसाला उमगण्याचा तो क्षण. चित्रपटाने या पलटणी समूळ काढून टाकल्या. त्यामुळे जूडापाशी उरला तो केवळ वैयक्तिक द्वेष. आणि द्वेष विरण्यासाठी क्रूसाचे दर्शन पुरेसे ठरले. श्रद्धेचा कठीण भाग गेला, हळवा भाग राहिला.

असे असूनही हा चित्रपट मी हलका मानीत नाही. मेसाला आपल्या मित्राकडे रोमविरोधी यहुद्यांची नावे मागतो हा प्रसंग चित्रपटाची भर आहे, आणि ज्या अमेरिकेत थोड्याच वर्षांपूर्वी सहकाऱ्यांची नावे सांगण्याची सक्ती लेखक-नटांवर झाली होती, तेथे त्याला धार होती. कादंबरीत नुसत्या टोमण्यांनी तुटणारी मैत्री येथे तत्त्वावर तुटते.

दुसरे यश ख्रिस्ताच्या चित्रणाचे. ख्रिस्ताला नायक केलेले ख्रिस्ती जगाला खपणार नाही हे वॉलेसने ओळखले होते. म्हणून त्याने येशूला बहुतांशी दूर ठेवले. तरी नाझरेथच्या विहिरीपाशी त्याने त्या तरुणाच्या मुखाचे वर्णन केलेच. पुढे १८९९ मध्ये नाटक आले तेव्हा ख्रिस्ताच्या जागी रंगभूमीवर प्रकाशाचा झोत असे. १९२५ च्या मूकपटात नुसता हात दिसला. वायलरने पाठ दाखविली आणि आवाज दिलाच नाही. तहानेल्या कैद्याला पाणी देणाऱ्याला रोमन शिपाई हटकतो, तो वळून पाहतो आणि शिपायाची जीभ अडखळते. मुखाचे वर्णन जे करू शकले नाही ते त्या शिपायाच्या चेहऱ्याने केले. पुढे क्रूस वाहणाऱ्या येशूला जूडा पाणी द्यायला धावतो. कादंबरीत तो क्रूसावरच्या येशूच्या ओठांना आंबलेल्या द्राक्षरसाचा स्पंज लावतो. पाण्याची ही परतफेड मात्र पटकथेची, आणि ती मूळ कथेच्या वृत्तीशी शोभून दिसते.

चमत्काराबाबतही मी चित्रपटाच्या बाजूचा आहे. पुस्तकात आई आणि बहीण रस्त्यावर येशूला हाक मारून बऱ्या होतात. पडद्यावर त्या गुहेत आहेत, वादळ उठते, क्रूसाखालचे रक्त पावसाच्या ओघळात मिसळते. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ने १९३६ मध्येच दाखवून दिले होते की, चमत्कार पटतो तो अवतीभोवतीच्या मातीमुळे; तेथे जिजाईचा रोखठोक संसार होता, येथे चिखल आणि पाणी आहे.

वायलरच्या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाली. २०१६ मध्ये हीच कथा पुन्हा पडद्यावर आली, तेव्हा ख्रिस्ताचा चेहरा दिसला, तो बोललाही, आणि मेसाला जिवंत राहून जूडाशी समेट करता झाला. झोत, हात, पाठ आणि अखेर चेहरा अशी ही वाटचाल आहे. तिच्याबरोबर नायकाचा अपराधही पावलोपावली पुसला गेला. प्रेक्षकाला निष्पाप नायक आवडतो, हे निर्मात्यांचे गणित असेल. पण निष्पापाला क्रूसापाशी जाण्याचे कारणच काय? वॉलेसच्या सदोष, पाल्हाळिक पुस्तकात चाक मोडणारा तो हात अजून आहे. क्षमेची गरज त्या हाताला आहे, म्हणून मला पडद्यापेक्षा पुस्तक अधिक धार्मिक वाटते.