सात झाले, चार रायले

मे महिन्याच्या उन्हात आमच्या भंडाऱ्याकडे पानं मोजतात. तेंदूची पानं. पहाटे अंधारातच रान गाठायचं, ऊन चढायच्या आत ओझं घेऊन परतायचं, मग घरातल्या लहानथोरांनी सावलीत बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फडावर नेऊन द्यायचे. एका पुड्यात 70 पानं. बपेऱ्याहून बावनथडी नदी ओलांडली की पलीकडे बालाघाट जिल्हा, म्हणजे मध्य प्रदेश. तिथे पुडा 50 पानांचा. रान तेच, पान तेच, मोजणी वेगळी. बांधणारीची बोटं इतकी सरावलेली की शेजारणीशी गप्पा चालू असताना सत्तरावं पान लागलं की हात आपोआप दोरीकडे जातो.

‘कोवळी पानगळ’ पहिल्यांदा हाती आलं तेव्हा मला हे पुडे आठवले. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अहवाल गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेनं 2001 साली काढला. विषय महाराष्ट्रातले बालमृत्यू. आपल्याकडे अहवाल कुणी रसिकतेनं वाचत नाही. अहवाल सादर होतात, स्वीकारले जातात आणि कपाटात जातात. या अहवालाचं नशीब थोडं वेगळं निघालं. वर्तमानपत्रांनी तो उचलला, विधिमंडळात गाजला आणि डिसेंबर 2003 मध्ये राज्य सरकारनं बंगांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. पण त्याच्या परिणामांपेक्षा मला त्याच्या घडणीविषयी बोलायचं आहे. आकडेवारीचं पुस्तक कवितेसारखं दोनदा वाचावंसं का वाटतं, याविषयी.

सुरुवात नावापासून करू. पानगळ फाल्गुनाच्या आसपासची. सागाची पानं तेव्हा पायाखाली पापडासारखी मोडतात, मोह उघडा पडतो, पळसावर पान नसतं आणि फूल असतं. गळतं ते पिकलेलं. म्हाताऱ्या माणसाला आपण ‘पिकलं पान’ म्हणतो, आणि ते गेलं की रडतानाही मनात कुठेतरी मान्य केलेलं असतं. ‘कोवळी’ हे विशेषण ‘पानगळ’ या नामाशेजारी बसूच शकत नाही. बसवलं की व्याकरण शाबूत राहतं आणि निसर्गक्रम मोडतो. दोन शब्दांत अहवालाचा सारा विषय आला.

तरीही या नावाशी माझं थोडं भांडण आहे. ‘गळणं’ हे क्रियापद कुणावर बोट रोखत नाही. पान आपसूक गळतं. आतला मजकूर मात्र वेगळं सांगतो. ही पोरं न्यूमोनियानं गेली, हगवणीनं गेली, जन्मतःच वजन कमी होतं म्हणून गेली, पहिल्या महिन्यातच जंतुसंसर्गानं गेली. यातलं पुष्कळसं टाळता येण्यासारखं. शीर्षक शोक करतं आणि मजकूर जाब विचारतो. हा ताण लेखकांनी मुद्दाम ठेवला की आपोआप राहिला, कोण जाणे. मला तो आवडतो, कारण नावाच्या हळवेपणानं आत शिरलेल्या वाचकाला आत गेल्यावर बसायला पाट मिळत नाही.

नावात दुसरीही एक खोच आहे. पानगळ कुणी मोजत नाही. ती ऋतूसारखी येते, ढिगानं होते. तोडलेल्या तेंदूपानाला भाव असतो म्हणून ते मोजलं जातं. गळालेलं पान झाडून टाकतात. अहवालानं गळालेली पानं मोजायला घेतली.

कशी मोजली, हे वाचण्यासारखं आहे. महाराष्ट्रातल्या 13 स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या. खेडी, आदिवासी पाडे, शहरातल्या झोपडपट्ट्या मिळून दोन लाखांवर वस्ती. तिथे दोन वर्षं होणारा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू टिपायचा. बस, एवढंच. यात कुठलं यंत्र नाही, गाभ्यात गणितही फारसं नाही. पण दोन लाख कशाला? दोन हजार का नकोत? दोन हजार वस्तीचं एखादं गाव घ्या. हजारी वीस जन्म धरले तर वर्षाला 40 बाळं होतात. एका वर्षी त्यातलं एक गेलं तर बालमृत्यू दर हजारी 25; पुढच्या वर्षी चार गेली तर हजारी 100. गाव तेच, नर्सबाई तीच, विहीर तीच, आणि कागदावर मात्र एका वर्षात प्रलय. तिसऱ्या वर्षी एकही गेलं नाही तर सत्कार! लहान वस्तीचा आकडा असा झोक्यावर बसलेला असतो. शेकडो वस्त्या एकत्र बांधल्या की झोका थांबतो आणि मग खरी उंची दिसते. आजाराचा धोका कुणाला जास्त, कुठल्या महिन्यात जास्त, कुठल्या वयात जास्त, हे त्यानंतरच विचारता येतं.

बंग दांपत्याचा हात मोजण्याला आधीपासून बसलेला होता. 1986 साली ‘सर्च’ सुरू झाली. तिथलंच उदाहरण घ्या: न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, त्याहून मोठं बाळ पन्नास किंवा जास्त, तर धोका. पण मोजणार कोण? गावची दाई. तिला साठापर्यंत अंक येत नाहीत. म्हणून तिच्यासाठी एक लाकडी चौकट केली. एका बाजूला मिनिटभराची वाळूची घडी, शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर औषध सुरू. मला या वस्तूचं फार अप्रूप आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मोठी व्याख्या एका मण्यात उतरवली आहे, आणि तो मणी सरकवणारी बाई निरक्षर आहे. पुढे 39 गावांत आरोग्यदूत बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त घटले आणि 1999 साली ‘लॅन्सेट’नं ते छापलं. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी झोळीचा वजनकाटा घेऊन दारात येते, ती वाट तिथूनच निघाली.

आता अहवालाच्या मुख्य वाक्याकडे येऊ. अहवालाचं म्हणणं असं, की महाराष्ट्रात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होतात आणि सरकारी नोंदीत त्यातला लहानसा भागच दिसतो. हे वाक्य दोन पायांवर उभं आहे. वरचा पाय म्हणजे किती गेली. खालचा पाय म्हणजे किती झाली. दर म्हणजे या दोघांचा भागाकार, आणि नोंदवहीतली लबाडी किंवा हलगर्जी नेहमी या दोन पायांशीच चालते. समजा, बाळ झालं. एकदा हुंकारलं, हात हलवला आणि मिनिटभरात गेलं. रजिस्टरात दोन रकाने असतात, ‘मृतजन्म’ आणि ‘नवजात मृत्यू’. ते पहिल्या रकान्यात टाकलं की बाळ वरच्या पायातूनही गेलं आणि खालच्याही. ते जन्मलंच नाही, तर मेलं कसं? एका हुंकाराएवढ्या अवधीवर राज्याचा आकडा हलतो. म्हणूनच या मोजणीत मृतजन्मही सोडले नव्हते. रकाना बदलून बाळ लपवता येऊ नये, एवढ्यासाठी.

बपेऱ्यासारख्या गावी आणखी एक वाट आहे नोंदीतून निसटायची. 1969 च्या कायद्यानं जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथे होते, 21 दिवसांच्या आत. पहिलं बाळंतपण माहेरी. आणि इथल्या निम्म्या सुनांचं माहेर नदीपलीकडे, वारासिवनीकडे नाहीतर कटंगीकडे. बोली दोन्हीकडे एकच, पोवारी नाहीतर झाडी, सोयरीक पिढ्यान् पिढ्यांची. 1956 पर्यंत भंडारा आणि बालाघाट एकाच प्रांतात होते. बेटी आधी गेली, सीमा नंतर आली. तर बाळ जन्मतं मध्य प्रदेशच्या वहीत. सव्वा महिन्यानं आईबरोबर बपेऱ्याला येतं. इथे आजारी पडून गेलं तर मृत्यू महाराष्ट्राच्या वहीत, आणि न सांगता पुरलं तर कुणाच्याच नाही. दोन राज्यांच्या दोन वह्या बरोबर असूनही बेरीज चुकते. घरोघरी जाऊन विचारणारी मोजणी इथेच कामाला येते, कारण ती घटनेच्या जागेपेक्षा आईच्या पत्त्याला धरून बसते.

तेव्हा पावणेदोन लाख खरे का? इथे वाचकानं भावनेत वाहू नये. ती 13 ठिकाणं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती; संस्था जिथे आधीपासून राबत होत्या तीच होती, आणि अशा संस्था सुखवस्तू वस्तीत नसतात. जवळपास त्याच काळात, 1998-99 मध्ये, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची दुसरी फेरी झाली. तिच्यात महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू हजार जन्मांमागे 58 आले. राज्यात वर्षाला वीस लाखांच्या आसपास जन्म धरले तर हिशेब जातो एक लाख सोळा हजारांवर. दोन प्रामाणिक मोजण्यांत साठ हजार पोरांचा फरक! एकीत निवडीचा कल आहे, दुसरीत आठवणीचा. जन्मून दुसऱ्या दिवशी गेलेलं बाळ परक्या बाईपुढे कोण काढतं? मला स्वतःला खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी वाटतो. पण मधला आकडा धरला तरी सरकारी वही तोंड लपवायला जागा शोधेल, आणि अहवालाचा जीव तिथेच आहे. (2019-21 च्या पाचव्या फेरीत ते 58 उतरून 28 वर आले. ही उतरण खरी आहे आणि ती लपवू नये.)

त्या सर्वेक्षणाची प्रश्नावलीही अशीच वाचून पाहण्यासारखी आहे. बाईला विचारतात, मुलं किती, जवळ किती, दूर राहणारी किती. मग विचारतात, जिवंत जन्मून नंतर गेलेलं कुणी? बाई नाही म्हणाली तरी प्रश्न तिथेच घुटमळतो: रडलं असेल, हाललं असेल आणि राहिलं नसेल, असं एखादं? लाखो घरांत, उंबऱ्यावर बसून, हा दुसरा प्रश्न विचारला जातो. प्रश्नावली लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की पहिल्या ‘नाही’मागे एक बाळ असू शकतं.

9 जानेवारी 2021 ला पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळं गेली. देश हळहळला, मंत्री धावून आले. हळहळायलाच हवं होतं. पण एका रात्री, एका छपराखाली गेलेली दहा बाळं बातमी होतात. सिहोऱ्यापासून गोंदियापर्यंतच्या टोल्याटोल्यांत, एकेक करून, पावसाळाभर गेलेली दहा बाळं कुठेच होत नाहीत. त्यांना एका छपराखाली आणायचं काम फक्त मोजणी करू शकते. ‘कोवळी पानगळ’नं ते छप्पर बांधलं.

आमच्या आजीला कुणी विचारलं, लेकरं किती, तर ती म्हणायची, “सात झाले, चार रायले.” कधीच नुसतं चार म्हणाली नाही. मराठीत ‘हाती लागणं’ असा एक वाक्प्रचार आहे, सातातली चार हाती लागली. जुन्या बायकांना दर माहीत नव्हता, पण त्याचे दोन्ही पाय त्यांच्या तोंडी होते. आजी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत एकेक सांगायची. पहिला माहेरी, नदीपलीकडे, सहा दिवसांचा. दुसरी रोवणीच्या दिवसांत, दात येत होते तिला. मग माझे वडील. मग दोन आत्या. मग एक, बोलायला लागला होता. मग काका.

रेशनकार्डावर माझे वडील थोरले. भाऊबंदकीत, लग्नपत्रिकेवर, सातबाऱ्यावर थोरले. आजीच्या पेरांवर तिसरे.