पंचेचाळीसचा वर्ग आणि चारशे बावन्न

२०१६च्या पावसाळ्यात मला नाशिकहून एक पोस्टकार्ड आलं. लिहिणारे निवृत्त गणितशिक्षक होते. देवळालीचे द. रा. कापरेकर यांच्या संख्यांवर मी एक वेबपान लिहिलं होतं, ते त्यांनी नातवाच्या फोनवर वाचलं होतं. ‘ताई, लेख आवडला. पण ४५२ ही कापरेकर संख्या नाही. शिवाय २० गुणिले १०२ अधिक २५ हे २०६५ होतात, ४५२ नव्हे. पुन्हा तपासावं.’

मी तपासलं. माझ्या संगणकावर सगळं ठीक होतं. पंचेचाळीसचा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे केले आणि बेरीज घेतली की पुन्हा ४५. म्हणूनच ४५ ही कापरेकर संख्या. हे नीट मांडायचं तर २०२५ म्हणजे २० गुणिले दहाचा वर्ग अधिक २५ असं लिहावं लागतं, आणि मी तसंच लिहिलं होतं. गुरुजींच्या पडद्यावर मात्र ४५च्या डोक्यावरचा २ खाली उतरून शेजारी बसला होता, १०च्या डोक्यावरचाही. घातांक खाली आला की वर्गाची संख्या होते, आणि ती दिसायला अगदी निर्दोष असते. अक्षरं फुटली असती तर वाचकाने यंत्राला दोष दिला असता. इथे त्याने मला दिला, आणि त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

मी कॉमर्सची पदवीधर. गणित कापरेकरांमुळे शिकले आणि वेबपानं बनवणं या पोस्टकार्डामुळे. पुढच्या काही वर्षांत जे समजलं, त्यावरचं माझं मत इथे मांडते. मत सौम्य नाही, हे आधीच सांगते.

वेबचा जन्म सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला. टिम बर्नर्स-ली यांनी पहिला प्रस्ताव १९८९मध्ये तिथेच मांडला. आजूबाजूला समीकरणांशिवाय पान न लिहिणारी माणसं, आणि एचटीएमएल या भाषेत साध्या अपूर्णांकाची सोय नाही! त्याच्या दहा वर्षं आधीच डोनाल्ड कनुथ यांनी आपल्या पुस्तकाच्या छपाईवर वैतागून ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली होती, म्हणजे प्रश्न अनोळखी नव्हता. १९९५च्या एचटीएमएल ३.०च्या मसुद्यात गणितासाठी खास टॅग होता; १९९७मध्ये ३.२ प्रमाणित झालं तेव्हा तो गळला होता. १९९८मध्ये मॅथएमएल नावाची स्वतंत्र भाषा प्रमाण म्हणून आली. अंश कुठला, छेद कुठला, पाया कुठला, घातांक कुठला, हे ती स्पष्ट सांगते. माझं कापरेकरांचं पान याच भाषेत होतं.

मग ४५२ कुठून आलं? ब्राउझरला अनोळखी टॅग भेटला तर त्याने तो सोडून द्यावा आणि आतला मजकूर तेवढा दाखवावा, असा वेबचा जुना उदार नियम आहे. बातमीच्या पानाला हा नियम वरदान आहे. गणितात तो घातक ठरतो, कारण तिथे अर्थ अंकांइतकाच त्यांच्या जागेत असतो. ‘पाया १०, घातांक २’ यातलं पाया-घातांक हे नातं टॅगमध्ये होतं. टॅग वगळला, उरलं १०२. नियम तोच, पण एकाला औषध आणि दुसऱ्याला विष.

ब्राउझरांचा इतिहास पाहिला की राग येतो. फायरफॉक्सच्या कुळाने मॅथएमएल सुरुवातीपासून सांभाळलं, तेही बऱ्याच अंशी स्वयंसेवकांच्या बळावर. इंटरनेट एक्सप्लोररला बाहेरून जोडणी बसवावी लागे. क्रोमने जानेवारी २०१३च्या २४व्या आवृत्तीत सोय दिली आणि पुढच्याच आवृत्तीत सुरक्षिततेचं व कोडच्या दर्जाचं कारण देऊन काढून घेतली. ती परत आली जानेवारी २०२३मध्ये, १०९व्या आवृत्तीत, आणि ते कामही मुख्यतः इगालिया या बाहेरच्या सहकारी संस्थेने केलं. सुरक्षिततेचं कारण खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण दुरुस्तीला दहा वर्षं लागतात तेव्हा तो प्रश्न तांत्रिक राहत नाही, प्राधान्याचा होतो. पहिलीतलं मूल त्या काळात दहावीची परीक्षा देऊन मोकळं झालं.

या पोकळीत जे उपाय निघाले, त्यांचं कौतुक करावं तितकं थोडं, तरी त्यांची चिकित्सा व्हायला हवी. सर्वांत जुना उपाय चित्राचा. समीकरणाचं चित्र काढायचं आणि पानात चिकटवायचं. मोठं केलं की धूसर, ओळीत बसत नाही, आणि अंध वाचकाला तिथे नुसती भिंत. दुसरा उपाय मॅथजॅक्स. डेव्हिडे सर्व्होन यांच्या जेएसमॅथमधून तो वाढला आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीसारख्या संस्थांनी त्याला आधार दिला. लेखकाने टेकच्या खुणांत लिहायचं, आणि पान उघडल्यावर ही स्क्रिप्ट त्याची समीकरणं रचणार. ब्राउझर कोणताही असो, चित्र एक. खान अकॅडमीतून २०१४मध्ये आलेलं केटेक हे त्याचं चपळ भावंड.

पण कुबडी ती कुबडीच. स्क्रिप्ट पोचली नाही तर वाचकाला उलट्या तिरक्या रेघा आणि महिरपी कंसांचा कचरा दिसतो. केटेकची शैलीची फाइल जोडायची राहिली तर प्रत्येक समीकरण दोनदा उमटतं, कारण डोळ्यांसाठी एक आणि स्क्रीन रीडरसाठी एक अशा दोन प्रती ते ठेवतं, आणि त्यातली एक लपवणं हे त्या फाइलीचं काम असतं. एका डॉलरच्या खुणेत लिहिलेलं मॅथजॅक्स मुळात वाचतच नाही, नाहीतर दोन किमतींमधला मजकूर समीकरण ठरला असता. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो, पण तो ठाऊक नसलेल्या नवख्याचा एक दिवस तरी वाया जातो. ‘पेक्षा लहान’ची खूण आणि लगेच रोमन अक्षर आलं की ब्राउझर त्याला टॅग समजून पुढचं गिळतो. (खुणेनंतर देवनागरी अक्षर असेल तर गिळत नाही. टॅगची सुरुवात रोमन अक्षरानेच होते. आपल्या लिपीच्या पदरात पडलेला हा एवढाच लाभ!)

अपूर्णांकाच्या रेघेचं तर काय सांगावं! रेघेची जाडी एका ठिपक्याहून कमी भरली तर पान काही विशिष्ट प्रमाणात लहान-मोठं करताच ती नाहीशी होते. ‘किमान एक ठिपका’ अशी अट घातली की परत येते. भास्कराचार्यांच्या काळातल्या लेखनात अंशावर छेदाची मांडणी रेघेविनाच होती, त्यामुळे पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं. त्यांच्या वाचकाला ती रीत माहीत होती. आजच्या सातवीतल्या मुलाला नाही.

मराठीत लिहिणाऱ्याचं दुखणं आणखी वेगळं. टेकच्या सूत्रात ‘किंमत’ असा शब्द तसाच टाकला तर त्यातलं एकेक चिन्ह सुटं चल समजलं जातं. वेलांटी अक्षरापासून तुटते आणि तुटक्या वर्तुळाला लटकलेली दिसते. शब्द मजकुराच्या आज्ञेत गुंडाळला की हे थांबतं. मोठे कंस आणि मूळचिन्ह ताणण्यासाठी फॉन्टमध्ये गणिताचं खास कोष्टक लागतं. माझ्या पाहण्यातल्या एकाही देवनागरी फॉन्टात ते नाही, म्हणून चिन्हं एका फॉन्टातून आणि अक्षरं दुसऱ्यातून येतात आणि उंची जुळत नाही.

हे सगळं डोळ्यांना दिसतं तरी. न दिसणारी चूक मला अधिक गंभीर वाटते. मॅथजॅक्सच्या मूळ मांडणीत संख्या ओळखायचा नियम ० ते ९ या आंतरराष्ट्रीय अंकांपुरता आहे. रोमन पद्धतीने दहाचा वर्ग लिहिला तर ‘दहा’ ही एक संख्या धरली जाते. देवनागरीत १० लिहून वर २ दिला तर १ सुटा, ० सुटा, आणि वर्ग फक्त शून्याचा. पडद्यावर फरक नाही. पण मागे तयार झालेली रचना सांगते: एक, आणि पुढे शून्याचा वर्ग. स्क्रीन रीडर ही रचना वाचतो. म्हणजे डोळस वाचकाला बरोबर आणि अंध विद्यार्थ्याला चूक, एकाच पानावर. अंकांचा नियम बदलण्याची सोय मॅथजॅक्समध्ये आहे, कागदपत्रांत नोंदलेलीही आहे. मराठी पान बनवणाऱ्याने ती वापरली नाही तर तो दोष परदेशी कंपन्यांवर ढकलता येणार नाही. पहिली तीन वर्षं मीही वापरली नव्हती.

आता माझी रीत अशी : समीकरण मॅथएमएलमध्येच लिहिते, संपूर्ण संख्या एकाच टॅगमध्ये ठेवते आणि जुन्या ब्राउझरांसाठी मागे मॅथजॅक्स उभं करते. बिघाड कळला तर आधी पानाचा मूळ मजकूर पाहते. तो शाबूत असेल तर स्क्रिप्ट, मग शैली, आणि फॉन्ट सगळ्यात शेवटी. लोक नेमके फॉन्टपासून सुरुवात करतात. एकदा मीही आठवडाभर फॉन्ट बदलत बसले होते, आणि दोष अर्धवट राहिलेल्या एका टॅगचा होता.

पत्र आलं त्या वर्षी मात्र यातलं काही येत नव्हतं. मी पानाची छापील प्रत काढली, घातांकांवर लाल खुणा केल्या आणि गुरुजींना टपालाने पाठवली. पंधरा दिवसांत प्रत परत आली. ४५२ त्यांनी खोडून टाकलं होतं आणि बाजूला ‘मान्य’ असं लिहिलं होतं. खाली, ६१७४च्या परिच्छेदाशी, पेन्सिलीने आणखी एक ओळ होती. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच, असं मी लिहिलं होतं. गुरुजींनी विचारलं होतं : ‘आणि ११११ घेतली तर?’

चारही अंक सारखे असलेल्या संख्या वगळायच्या असतात. ते लिहायचं मी विसरले होते, आणि ही चूक सगळ्या ब्राउझरांवर सारखीच दिसत होती.