वाटाण्याचे रोप आणि ड्रोनमधले धरण

पौडकडून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माले गावाच्या आसपास, पावसाळा सुरू झाला की आकाशात पक्ष्यांच्या बरोबरीने ड्रोनही फिरू लागतात. त्यांनी टिपलेली दृश्ये मोबाइलवर पाहणाऱ्याला आता पाठ झाली असतील: धुक्यातून वर येणारे मुळशीचे पाणी, काठावर तंबूंची रांग, चुलीवर फुगणारी भाकरी, मागे बासरी, आणि शेवटी बुकिंगचा नंबर. विकायचे काय आहे, याने फारसा फरक पडत नाही. बंगल्याचा प्लॉट असो, शनिवार-रविवारचा मुक्काम असो की तांदळाची पिशवी, पहिले दृश्य तेच असते. याला धंद्याच्या भाषेत ‘स्टोरीटेलिंग’ म्हणतात. दृश्ये देखणी आहेत, कॅमेरे उत्तम आहेत, संकलन सफाईदार आहे. तरीही यात गोष्ट नाही, आणि त्याचे कारण कौशल्याची वाण हे नव्हे. काळ, कष्ट आणि अडचण या ज्या तीन गोष्टींवाचून कथा उभी राहत नाही, त्या या चित्रफितींतून हेतुपुरस्सर वगळलेल्या असतात.

मराठी माणसाच्या व्यावसायिक चित्रफितीचे एक जुने उदाहरण मात्र काळ दाखवणारेच होते. 1912 मध्ये दादासाहेब फाळके विलायतेत कॅमेरा खरेदी करून परतले, तेव्हा त्यांना चित्रपटासाठी भांडवल हवे होते आणि सावकाराला दाखवायला हातात काही नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही फीत जेमतेम मिनिटभराची. पण ती पाहून यशवंतराव नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले, आणि 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. आजच्या शब्दांत ही गुंतवणूकदारासाठी केलेली जाहिरातफीत होती. तिच्यात फाळक्यांनी स्वतःची ओळख करून दिली नव्हती, स्वप्नही सांगितले नव्हते. माती फोडून कोंब वर येतो एवढेच होते, आणि हे यंत्र काय करू शकते ते पाहणाऱ्याने आपल्या डोळ्यांनी पडताळले. रील लहान असते, तीस सेकंदांत गोष्ट कशी मावणार, ही तक्रार म्हणूनच टिकत नाही. महिना मिनिटात मावतो. आधी महिनाभर कॅमेऱ्यामागे थांबण्याची तयारी हवी.

याच फाळक्यांनी पुढे तळेगावच्या काच कारखान्यावरही लघुपट केला. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा हा कारखाना मुळशीच्या शेजारच्या मावळातला. कारखान्यात माल कसा घडतो हे दाखवणे हीच त्याची ओळख, ही कल्पना तेव्हाही सुचू शकत होती. त्याहून धीट उदाहरण 1976 च्या ‘मंथन’चे. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला, श्याम बेनेगलांनी दिग्दर्शित केलेला आणि विजय तेंडुलकरांच्या पटकथेचा हा चित्रपट म्हणजे शेवटी एका सहकारी धंद्याचीच कैफियत होती. तीत जातीचे राजकारण आहे, संस्थेत फूट आहे, आणि सुधारणा करायला आलेला डॉक्टर अखेरीस गाव सोडून जातो. आजच्या एखाद्या विपणन विभागात हा शेवट मंजूर झाला असता का, याची शंकाच आहे. पण हाच चित्रपट पुढे गावोगाव दाखवून सहकारी दूध संस्थांचा प्रचार झाला. धंद्याने आपली अडचण झाकली नाही, म्हणून दूध घालणाऱ्याला तो आपला वाटला.

सगळेच आज बिघडले आहे असे नाही. 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’ या यूट्यूब वाहिनीने निदान एवढे सिद्ध केले की मराठी घरातली खरी बोली जाहिरातीलाही पेलते. प्रायोजकाचा माल संवादात कधी सहज येतो, कधी जेवणात खडा लागावा तसा. ‘मधुराज रेसिपी’ या पाककृतींच्या वाहिनीने आधी वर्षानुवर्षे पाककृती करून दाखवल्या, मग मसाले विकायला काढले. फोडणी करपते केव्हा, हे जिने आधी सांगितले, तिच्या पाकिटावर गिऱ्हाइकाचा भरवसा बसणे स्वाभाविक आहे. दोन्हीकडे यश आले ते बोलीमुळे आणि कृतीमुळे, देखाव्यामुळे नव्हे.

यावर हमखास येणारा आक्षेप पैशाचा: लहान शेतकऱ्याला हे कसे परवडावे? मुळशीतल्या आंबेमोहोराचेच पाहू. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण त्याचे उत्पादन कमी येते, उंच वाढलेले पीक वाऱ्या-पावसात लोळते, आणि बाजारात दिसायला सारखा दुसराच तांदूळ त्याच्या नावाने खपतो. अशा मालाला सूर्योदयाचे दृश्य काय कामाचे? तेच दृश्य नकली तांदूळवाल्यालाही सहज मिळते. त्याला मिळत नाही ते राब भाजण्यापासून रोपे, चिखलणी, लावणी आणि झोडणीपर्यंतचे एकाच खाचराचे पाच-सहा महिने. साध्या मोबाइलने, त्याच बांधावरून, आठवड्याला एकदा टिपलेली ही वाढ म्हणजे फाळक्यांचे वाटाण्याचे रोपच. खर्च ड्रोनच्या एका दिवसाच्या भाड्याहूनही कमी. परवडत नाही हे खरे कारण नव्हे. घाई हे खरे कारण आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सुट्टीवर आलेल्या माणसाला दुःख कशाला दाखवायचे? कारण ड्रोनखालचे ते पाणी मुळात निसर्गाने दिलेले तळे नाही. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाच्या धरणाविरुद्ध 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला; पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. 1924 पर्यंत लढा मोडला, गावे आणि भातखाचरे पाण्याखाली गेली, आणि ते पाणी आजही भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते. मुक्काम विकणाऱ्याने प्रत्येक रीलमध्ये हे सांगावे असा हट्ट कोणी धरणार नाही, आणि विस्थापनाचेही पर्यटनाच्या मालात रूपांतर होण्याचा धोका खराच आहे. पण पाणी कुठून आले हे सांगणारा यजमान पाहुण्याला शेजारच्या तळ्यावाल्यापेक्षा वेगळा लक्षात राहतो, हा व्यवहाराचाही मुद्दा आहे. अडचण आहे ती प्लॉटवाल्याची. तांदूळवाल्याला काळ दाखवून फायदाच होतो, मुक्कामवाल्याचे निदान नुकसान होत नाही. जमीन विकणाऱ्याला मात्र धुके आणि बासरीच सोयीची, कारण इथे आधी काय होते असे विचारणारे गिऱ्हाईक पुढच्या वाक्यात सातबारा मागते.