मलपृष्ठ कोण लिहितं?

पुस्तकाच्या धंद्यात एक खातं असतं, त्याबद्दल आपण बोलत नाही. प्रसिद्धीचं खातं. मलपृष्ठावरचा मजकूर लिहायचा, अभिप्रायासाठी प्रती पाठवायच्या, समारंभाला अध्यक्ष गाठायचा. वाचकानं पुस्तक उघडायच्या आधीच ते कसं वाचायचं हे इथला माणूस ठरवून टाकतो. म्हणून समीक्षा करायची तर आधी त्याच्या मजकुराची केली पाहिजे.

आपल्या पुस्तकांच्या पाठी बघा. 'दाहक', 'विदारक', 'अंगावर काटा आणणारं'. कवी कुणीही असो, शब्द तेच. आत विचार आहे, विनोद आहे, प्रेम आहे, धम्म आहे, त्याचा पत्ता नाही. मी सूतगिरणीत आहे. आमच्याकडं पेटीवर सुताचा काउंट लिहितात. आत ४० चं सूत अन् वर ३० लिहिलं तर माल परत येतो. इथं सगळ्या पेट्यांवर एकच लेबल : दुःख. माल परत येत नाही, कारण पांढरपेशा गिऱ्हाइकाला तेच पाहिजे असतं.

माझ्या संग्रहाच्या वेळी एका प्रकाशकाच्या माणसानं विचारलं, "मशीनजवळ, घामाघूम, असा फोटो आहे का?" म्हटलं, कविता तर मी घरी येऊन, आंघोळ करून लिहितो. तो हसला. मी हसलो नाही.

आता आपल्यातलेच काही म्हणतात, प्रसिद्धीच नको. हे बरोबर नाही. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनसुद्धा 'केसरी'नं छापली नाही. म्हणजे बाबासाहेबांना जाहिरात हवी होती. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं परिषद रद्द केली, तेव्हा जातिनिर्मूलनाचं ते भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चानं काढलं. इंग्रजीतल्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. किंमत आठ आणे. गांधींनी 'हरिजन'मधून ती जास्त आहे म्हणून टोकलं. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधींची टीका आणि आपलं उत्तर, दोन्ही छापलं. याच्याहून चांगली प्रसिद्धी कुठली? पण लेबल लिहिणारा हात त्यांचा स्वतःचा होता.

तेच पुस्तक २०१४ साली 'नवयान'नं अरुंधती रॉय यांच्या लांबलचक प्रस्तावनेसह काढलं. अनेक आंबेडकरवादी कार्यकर्त्यांनी जाहीर विरोध केला. रॉयबाईंनी लिहू नये असं माझं म्हणणं नाही. नवा इंग्रजी वाचक त्या पुस्तकापर्यंत आला असेल, तेही चांगलंच. सवाल एवढाच की तो कुणाचं नाव वाचून आला? बाबासाहेबांच्या पुस्तकाला दुसऱ्याच्या नावाचा टेकू लागतो, हे कुणी ठरवलं?

मित्रांनो, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कावर पुस्तकांचे स्टॉल बघा. तिथं प्रसिद्धी अधिकारी नसतो. गावाकडची माय पुस्तक उचलते, किंमत विचारते, लेकाला म्हणते, "मागं काय लिहिलंय, वाच." तो वाचतो : 'विदारक.' अरे, तिला विदारक काय सांगता? ते ती जगून आलीय. आत नवीन काय आहे ते सांगा.

म्हणून एक काम करू. प्रत्येकानं आपल्या आवडत्या पुस्तकाचं मलपृष्ठ नव्यानं लिहून या अंकाकडं पाठवावं. चारच ओळी, त्या मायला कळतील अशा. 'दाहक' हा शब्द चालणार नाही.

जयभीम.