मरणासन्नांची शुश्रूषा आणि प्रशिक्षणाची कसोटी

वृद्धांच्या निवासी शुश्रूषागृहांतील सेवकवर्गास उपशामक शुश्रूषेचे, म्हणजे रोग बरा होणार नसता वेदना व क्लेश शमविण्याचे, शिक्षण दिल्यास तेथील रहिवाशांचा अंतकाळ सुसह्य होतो काय? या प्रश्नाचा विस्तृत प्रमाणावर शोध ‘पेस’ नावाच्या युरोपीय प्रयोगाने घेतला. बेल्जियम, इंग्लंड, फिनलंड, इटली, नेदरलँड्स, पोलंड व स्वित्झर्लंड या 7 देशांतील 78 शुश्रूषागृहे यदृच्छेने दोन गटांत विभागण्यात आली. एका गटात सहा पायऱ्यांचा शिक्षणक्रम राबविण्यात आला. दुसऱ्यात नेहमीचीच व्यवस्था चालू राहिली.

‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकाच्या 2020 सालच्या खंडातील निष्कर्ष असे : अखेरच्या आठवड्यातील स्वास्थ्याच्या बाबतीत दोन गटांत फरक आढळला नाही, अखेरच्या महिन्यातील शुश्रूषेची गुणवत्ता प्रशिक्षित गटात सरस ठरली, सेवकांच्या ज्ञानात पडलेली भर मात्र नगण्य होती.

यावरून प्रशिक्षण सफल वा निष्फळ असा निर्णय देण्यापूर्वी साक्षीदार कोण, हे पाहणे अगत्याचे आहे. मृत व्यक्ती साक्ष देऊ शकत नाही, आणि स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या अनेकांना ती जिवंतपणीही देता येत नाही. म्हणून रहिवाशाच्या मृत्यूनंतर प्रश्नावली भरली ती सेवकांनीच. ज्यांना शिकविले, तेच परीक्षकही झाले. ज्याला वेदना ओळखावयास शिकविले, त्याला पूर्वी न दिसलेली वेदना दिसू लागते, आणि प्रत्यक्षात क्लेश कमी झाले असले तरी नोंदीत ते तसेच राहतात. उलटपक्षी, आपण शिकलो या समाधानाने गुणवत्तेचे माप चढेही लागू शकते. मोजपट्टीच बदलली असण्याचा संभव असता लांबी बदलली नाही असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, ज्ञानच वाढले नाही, तर दृष्टी कशी बदलेल? आक्षेप बिनतोड आहे असे मात्र नाही. कार्यक्रमात केवळ पाठ नव्हते. रहिवाशाशी व आप्तांशी पुढील उपचारांविषयी आधीच बोलणे, दरमहा एकत्र बसून प्रत्येकाच्या स्थितीचा विचार करणे, यांसारख्या नव्या रीतीही होत्या. दृष्टी पाठांतराने घडते तशी रीतीनेही घडते. ज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ती उमटेलच असे नाही.

एक प्रश्न तरीही उरतो. रात्री उशाशी बसलेल्या मदतनिसाला वेदना दिसली, तरी औषधाची मात्रा बदलण्याचा अधिकार त्याच्या हाती नसतो. तो फक्त कळवू शकतो. त्याचे कळविणे ऐकले जात नसेल, तर त्याचे शिक्षण त्याच्यापाशीच थांबते. तात्पर्य, पुढील प्रयोगांनी सेवकाला काय कळले एवढेच न विचारता, त्याने सांगितल्यावर किती वेळात काय घडले, याचीही नोंद ठेवावी. मरणाऱ्याच्या दृष्टीने प्रशिक्षणाची खरी कसोटी तीच होय.