'आमची' बिअर की 'आपली'?

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांना 'फ्री' या इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगताना नेहमी एक खुलासा करावा लागे: भाषणस्वातंत्र्यातले 'फ्री' घ्या, फुकटच्या बिअरमधले नको. मराठीला हा खुलासा लागत नाही. आपल्याकडे मुक्त वेगळे आणि फुकट वेगळे.

२००४ साली कोपनहेगनमधील आयटी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'सुपरफ्लेक्स' या कलावंतांच्या गटासोबत हा खुलासाच प्रत्यक्षात उतरवला. त्यांनी ग्वाराना घातलेली बिअर बनवली आणि तिची कृती व लेबल क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. कोणीही ती बनवावी, बदलावी, विकावी. अट एवढीच की मूळ श्रेय द्यावे आणि बदललेली कृतीही त्याच अटींवर खुली ठेवावी. नाव ठेवले 'वोरेस ओल'. यातल्या 'वोरेस'चे मराठी 'आमची' करायचे की 'आपली'? मला या प्रयोगाची खरी कसोटी या प्रश्नातच दिसते.

परवान्याची बाजू लंगडी आहे. कॉपीराइट कृतीच्या शब्दांकनाला मिळतो. घटकांच्या यादीला आणि बनवण्याच्या पद्धतीला सहसा मिळत नाही. म्हणजे कृती वाचून कोणी बिअर गाळली आणि आपला बदल गुप्त ठेवला, तर परवाना त्याला क्वचितच अडवू शकेल. सॉफ्टवेअरमध्ये कायद्याचे बळ असलेली अट येथे केवळ नैतिक विनंती उरते.

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. सोर्स कोड हाती आला की प्रोग्राम जसाच्या तसा उभा करता येतो. बिअरच्या कृतीत माल्ट, हॉप्स, तापमान लिहिता येते. यीस्टचे फक्त नाव लिहिता येते. यीस्ट हा जिवंत जीव आहे. विरजणासारखा तो कोणीतरी कोणाला तरी द्यावा लागतो.

आणि हे देणे याच शहरात फार आधी घडले होते. कार्ल्सबर्गचे संस्थापक जे. सी. याकोबसेन यांनी १८४५ मध्ये म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीतून यीस्ट आणले. घोडागाडीच्या प्रवासात प्रत्येक थांब्यावर ते गार पाण्याने थंड ठेवत. १८८३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हानसेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. रानटी यीस्टमुळे बिअर बिघडण्याच्या दुखण्यावर हा उपाय होता. तो दडवला असता तर स्पर्धक मागे पडले असते. याकोबसेन यांनी पद्धत प्रसिद्ध होऊ दिली आणि यीस्टही इतर ब्रुअरींना दिले. बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, स्टॉलमन यांनी आपला ग्नू प्रकल्प जाहीर केला.

म्हणून 'वोरेस ओल' निरर्थक ठरते का? नाही. बिअर हे निमित्त आहे. मालकीची भाषा ज्या वस्तूंना आपण कधी लावून पाहत नाही त्यांना ती लावून दाखवणे, हे कलाकृतीचे काम तिने चोख केले. पण तिने खुले केले ते मुख्यतः माहितीच्या रूपातले होते, आणि ते देताना हातचे फारसे काही गेले नाही. याकोबसेन यांनी हातची आघाडी सोडली. कृती सांगितल्याने वस्तू 'आमची' असूनही इतरांना पाहता येते. ती 'आपली' होते ती विरजण दिल्यावर.