फ्रेंच पद्यातील क्रियारूप : अक्षरगणना आणि आघात

फ्रेंच पद्य अक्षरसंख्येवर उभे आहे, हे विधान ओवी-अभंगाशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला परके वाटत नाही. मात्र मोजावयाचे अक्षर बोलण्यातले की लेखनसंकेतातले, हे निश्चित झाल्याखेरीज त्या विधानाला अर्थ नाही. या प्रश्नाची खरी कसोटी क्रियारूपे होत.

'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' या दोन्ही अर्थी बोलण्यात 'ईल पार्ल' एवढेच ऐकू येते. अभिजात पद्यात मात्र पुढे व्यंजन आल्यास क्रियापदाचा अंत्य दुर्बल स्वर स्वतंत्र अक्षर ठरतो. पुढे स्वर आल्यास एकवचनात तो लोपतो. अनेकवचनात लिहिलेली अंत्य व्यंजने त्याचा लोप होऊ देत नाहीत. पुढे 'आ' हे अव्यय आले, की एकवचनी 'ईल-पार्-ला' तीन अक्षरांचे, तर अनेकवचनी 'ईल-पार्-ल-ता' चार अक्षरांचे होते. अपूर्ण भूतकाळातील 'पार्ले' या अनेकवचनी रूपाचा लेखनातील शेवट तसाच असूनही तेथे जादा अक्षर धरीत नाहीत. गणना व्याकरणिक कोटीही पाहते. 'पास्यों' हे 'पासे' धातूचे रूप असल्यास दोन अक्षरांचे. 'वासना' या अर्थी तेच नाम 'पा-सि-यों' असे तीन अक्षरांचे.

आघाताचे गणित वेगळे आहे. तो शब्दाचा नसून पदसमूहाचा, आणि समूहातील अखेरच्या पूर्ण अक्षरावर पडणारा. 'पार्ल' एकटे असता तो 'पार्'वर पडतो, 'पार्लतील?' या प्रश्नरूपात 'तील'वर सरकतो. बारा अक्षरी अलेक्झांड्रीनमध्ये सहावे आणि बारावे ही आघाताची नियत स्थाने. बोआलोने 'आर पोएतिक'मध्ये (1674) मध्ययतीवर अर्थानेही विसावावे, असा आग्रह धरला.

या दोन नियमांच्या संयोगातून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सहाव्या अक्षराशी पूर्वार्ध संपवण्यास वर्तमानकाळी अनेकवचनी 'पार्ल' अपात्र ठरते, कारण त्याचा दुर्बल स्वर लोपू शकत नाही. एकवचनी रूप पुढे स्वर असल्यास चालते. अपूर्ण भूतकाळातील 'पार्ले' निर्वेधपणे बसते. म्हणजे यतिस्थानी आढळणारा भूतकाळ ही प्रत्येक वेळी कवीची आशयगत निवड असेलच असे नाही. तो वृत्ताने उघडी ठेवलेली वाटही असू शकेल. रासीनच्या नाटकांतील काळबदलावर भाष्य करणाऱ्या समीक्षकाने हा भेद प्रथम तपासला पाहिजे.

विसाव्या शतकातील कवितेत ही गणना पुष्कळदा संदिग्ध होते. परंतु अभिजात ओळ आजच्या उच्चाराने मोजून तिच्यावर छंदोभंगाचा दोष ठेवणे, हा वाचकाचाच प्रमाद होय.